कार्ड आपलं, स्लॉट कोणता?

या महिन्यात नाशिकहून तीन पत्रं आली आणि तिन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत: कार्ड कॉम्प्युटरला कुठून आणि कसं जोडायचं. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे. चार मुलं एवढं मोठं काम मनापासून करत असताना त्यांना चार ओळींत वाटेला लावणं मला पटलं नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चौघं इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एफपीजीएवर (आतली जोडणी आपण हवी तशी भरू शकतो अशी चिप) ग्राफिक्स कार्ड करायचं आणि सर्किट, बोर्डाच्या फाइली, आतलं लॉजिक, ड्रायव्हर असं सगळं खुलं ठेवायचं, असं ठरवलंय. पडद्याला चित्र देणारा भाग आणि चौकोन भरण्या-हलवण्याचा भाग एका तयार बोर्डावर चालतोय. आता कार्ड कॉम्प्युटरला कुठल्या बसनं (म्हणजे दोघांतल्या माहितीच्या वाटेनं) जोडायचं यावर गाडी अडली आहे. आमचे सर म्हणतात, साधं पीसीआय घ्या, समजायला सोपं आहे आणि प्रयोगशाळेत तसे स्लॉट असलेले दोन जुने कॉम्प्युटरही आहेत. एक मित्र म्हणतो, एजीपी तर ग्राफिक्ससाठीच होतं. मला पीसीआय एक्सप्रेस हवंय, पण इतक्या वेगाच्या सिग्नलचा बोर्ड आम्हाला जमेल का, अशी धास्ती वाटते. शिवाय १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, सेकंदाला साठ चित्रं असा हिशेब केला तर जवळपास ५०० एमबी होतात. मग पीसीआयही पुरत नाही आणि एक्सप्रेसची एक लेनही (पाठवणारी एक आणि ऐकणारी एक अशी तारांची जोडगोळी) पुरत नाही. पैसे एकदाच बोर्ड बनवण्यापुरते आहेत. काय करावं?
— चार विद्यार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पीसीआय एक्सप्रेस घ्या. बोर्डावर चार लेन ओढून ठेवा, पण सुरुवात एका लेनवर आणि पहिल्या पिढीच्या वेगानं करा. निकाल आधीच सांगून टाकला. आता त्यामागचं कारण सांगते, आणि ते वेगाच्या आकड्यांत नाही.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं बोर्डांचं लेआउट केलं. २००६ मध्ये आम्ही ट्रान्सफॉर्मर तपासणाऱ्या यंत्रासाठी एक पीसीआय कार्ड केलं, मोजमापं घेऊन कॉम्प्युटरला देणारं. साठ कार्डं बनवली आणि सगळी व्यवस्थित चालत होती. सहा-सात वर्षांनी ग्राहकांकडचे कॉम्प्युटर बदलायची वेळ आली, तेव्हा नव्या मदरबोर्डांवर स्लॉट मिळेना. इंटेलनं २०११ च्या पी६७ आणि एच६७ या चिपसेटमधून (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा) पीसीआय काढून टाकलं होतं. ज्या मदरबोर्डावर स्लॉट दिसायचा, तिथे बनवणाऱ्यानं एक्सप्रेसवरून पीसीआय काढून देणारी वेगळी ब्रिज चिप बसवलेली असायची. आमचं कार्ड काही ब्रिजांमागे चालायचं, काहींमागे अडायचं. शेवटी बावीस कार्डं कपाटात गेली. निवृत्त होताना त्यातलं एक मी मागून घेतलं. ते आजही माझ्या टेबलावर आहे आणि त्यात एकही दोष नाही.

तुमच्या बाबतीत हे जास्तच लागू होतं, कारण तुमच्या फाइली उतरवून घेऊन उद्या जळगावात किंवा साताऱ्यात कुणीतरी तोच बोर्ड बनवणार आहे. तो त्याच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसला पाहिजे. आधी जुन्या बाजारात मदरबोर्ड शोधायला लावणारं कार्ड कागदावर कितीही खुलं असलं, तरी ते चार-दोन जणांपुरतंच राहतं. पीसीआय एक्सप्रेसचं पहिलं स्पेसिफिकेशन २००२-०३ मधलं. त्यानंतर वेग दर पिढीला साधारण दुप्पट होत गेला, पण जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये चाललं पाहिजे हा नियम मोडलेला नाही. दोन्ही बाजू आधी पहिल्या पिढीच्या वेगानं बोलायला लागतात आणि मग दोघांना जमेल तिथवर वर जातात. एका लेनचं कार्ड सोळा लेनच्या स्लॉटमध्ये बसतं. रास्पबेरी पाय ५ वरसुद्धा एका लेनचं एक्सप्रेस पट्टीच्या केबलवर बाहेर काढलेलं आहे. म्हणजे ज्या मुलांकडे मोठा कॉम्प्युटर नाही, त्यांनाही वाट आहे.

आता तुमचा ५०० एमबीचा हिशेब. गुणाकार बरोबर आहे, पण हा भार बसवर पडत नाही, कार्डावरच्या मेमरीवर पडतो. चित्र एकदा कार्डाच्या मेमरीत आलं की सेकंदाला साठ वेळा ते वाचून पडद्याकडे धाडणं हे कार्डाचं अंतर्गत काम आहे. बसवरून येतात त्या आज्ञा (इथून इथवर हा रंग भर, हा तुकडा तिकडे हलव) आणि नवी चित्रं. तेव्हा आधी मेमरीकडे बघा. तुमच्या तयार बोर्डावर १६ बिट रुंदीची डीडीआर३ मेमरी असेल आणि ती ८०० मेगाट्रान्स्फरनं (सेकंदाला ८० कोटी देवाणघेवाणी) चालत असेल, तर अगदी आदर्श स्थितीत सेकंदाला १,६०० एमबी मिळतात. त्यातले ५०० पडदाच नेतो. मेमरीची पानं उघडण्या-मिटण्यात आणि रिफ्रेशमध्ये आणखी जातात. उरलेल्यात तुमचा चौकोन भरणारा भाग धडपडणार. म्हणून बोर्डावर दोन चिपा लावून रुंदी ३२ बिट करा. लेन वाढवण्याआधी पैसा इथे घाला.

बसवरून पूर्ण चित्रं पाठवायची वेळ व्हिडिओ दाखवताना येते. १२८० गुणिले ७२० चं चित्र ३.७ एमबीचं होतं. सेकंदाला तीस चित्रं धरली तर ११० एमबी. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ पीसीआयची कागदावरची कमाल १३३ एमबी आणि तीही त्या बसवरच्या सगळ्या कार्डांत वाटून. एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत एका लेनला एका दिशेनं २५० एमबी मिळतात. माहिती छोट्या पाकिटांत जाते, त्यांचे मथळे वजा केले तर हातात साधारण २०० येतात आणि ते फक्त तुमचेच असतात. दुसऱ्या पिढीच्या चार लेन म्हणजे कागदावर २,००० एमबी. तुमच्या कार्डाला इतके वापरताच येणार नाहीत.

त्यापेक्षा एका गोष्टीची काळजी घ्या, जिच्याकडे पहिल्यांदा कार्ड करणारे हमखास दुर्लक्ष करतात. बसवरून लिहिणं स्वस्त आणि वाचणं फार महाग. प्रोसेसर लिहितो तेव्हा पाकीट सोडून पुढच्या कामाला लागतो. वाचायला गेला की उत्तर परत येईपर्यंत थांबून राहतो. एका फेरीला एक मायक्रोसेकंद धरला आणि चार-चार बाइट वाचले, तर सेकंदाला जेमतेम चार एमबी होतात, लेन कितीही असोत. म्हणून ड्रायव्हरनं कार्डाची मेमरी वाचायची वेळच येऊ देऊ नका. आज्ञांची यादी कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवायची आणि कार्डानं स्वतः डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घालता, ती उचलून न्यायची. काम कुठवर आलं हा आकडाही कार्डानंच कॉम्प्युटरच्या मेमरीत लिहून ठेवायचा. चित्राच्या मेमरीचा बीएआर (कार्डाची मेमरी कॉम्प्युटरला कुठल्या पत्त्यावर दिसते ते सांगणारं रजिस्टर) प्रीफेचेबल (नुसतं वाचल्यानं काही बदलत नाही असा) जाहीर करा, म्हणजे लिनक्सला तो राइट-कंबाइनिंगनं जोडता येईल आणि सुटी सुटी लिखाणं एकत्र होऊन मोठ्या पाकिटांत जातील. एवढं केलंत तर एका लेनवरसुद्धा तुमचं कार्ड अडखळणार नाही.

सर म्हणतात ते पीसीआयचं सोपेपण खरं आहे, पण ते शिकण्यासाठी. प्रयोगशाळेतल्या त्या कॉम्प्युटरला लॉजिक अ‍ॅनालायझर लावून फ्रेम, आयआरडीवाय, टीआरडीवाय, डेव्हसेल हे सिग्नल एकदा डोळ्यांनी बघाच. बसवर सौदा कसा होतो ते इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही आणि एक्सप्रेसमध्ये तर ते दिसणारच नाही. कॉन्फिगरेशनची जागा, बीएआर, विक्रेता क्रमांक (कार्ड कुणाचं हे सांगणारा) ही सगळी पीसीआयची कल्पना एक्सप्रेसनं तशीच उचलली आहे, त्यामुळे तो अभ्यास वाया जात नाही. सरांना हे माझ्याकडून जरूर सांगा.

बोर्ड करणाऱ्याच्या बाजूनं मात्र पीसीआय सोपं नाही. स्वतःहून डीएमए करणाऱ्या पीसीआय कार्डाला किमान ४९ सिग्नल लागतात. क्लॉकची तार अडीच इंचच हवी, पाव सेंटीमीटर इकडेतिकडे. बाकीच्या ३२ बिटांच्या तारा दीड इंचाच्या आत. जुन्या स्लॉटवर ५ व्होल्टचे सिग्नल येतात आणि आजच्या एफपीजीएच्या पायांना ते सोसत नाहीत, म्हणजे मध्ये व्होल्टेज उतरवणाऱ्या चिपा आल्या. एक्सप्रेसच्या एका लेनला जाणारी एक जोडी, येणारी एक जोडी, १०० मेगाहर्ट्झ क्लॉकची एक जोडी आणि रीसेटची एक तार, अशा सातच तारा. सिग्नल वेगवान आहेत हे खरं. पण सातच तारा नीट ओढायच्या म्हटल्यावर चार थरांच्या बोर्डावर पहिल्या पिढीचा वेग धीरानं काम करणाऱ्याला जमतो. मी शेवटची पाच-सहा वर्षं हेच केलं.

एजीपीचा विचार सोडून द्या. १९९७ च्या सुमारास ते आलं, ग्राफिक्सचा भार पीसीआयवरून उतरवला, आठ पटीच्या वेगात २,१०० एमबीपर्यंत गेलं आणि २००४ नंतर एक्सप्रेसनं त्याची जागा घेतली. मदरबोर्डावर स्लॉट एकच असायचा. आज नवं काही त्यावर करणं म्हणजे माझ्या कपाटातल्या कार्डांत भर.

हा प्रश्न पडणारे तुम्ही पहिले नाही. २००४ मध्ये टिमोथी मिलर यांनी ओपन ग्राफिक्स प्रोजेक्ट सुरू केला. त्यातून ओजीडी१ नावाचा बोर्ड निघाला, २५६ एमबी मेमरी आणि पडद्यासाठी दोन डीव्हीआय जोडण्यांचा. त्यांनी ६४ बिटांचं पीसीआय-एक्स (एक्सप्रेस नव्हे, पीसीआयचाच वेगवान प्रकार) घेतलं, जे साध्या पीसीआय स्लॉटमध्येही चालतं. त्या वेळी घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये पीसीआय होतं आणि वेगवान सिरीयल पाय असलेल्या एफपीजीए महाग होत्या, हे ध्यानात घेतलं तर ती निवड समजते. बोर्डाची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात गेली आणि पुढे प्रकल्प थंडावला. त्यात एक गोष्ट मात्र अशी होती, जी मी आजही कुणालाही दाखवेन. चित्राचं सगळं काम झायलिंक्सच्या मोठ्या स्पार्टन-३ चिपमध्ये होतं आणि पीसीआयशी बोलण्याचं काम लॅटिसच्या वेगळ्या लहान चिपमध्ये. बस आणि ग्राफिक्स यांच्यात स्वच्छ शिवण होती.

तुम्हाला दोन चिपा लागणार नाहीत, पण ती शिवण लॉजिकमध्ये ठेवा. ग्राफिक्सच्या भागाला लेन, पाकीट, बीएआर यातलं काही कळता कामा नये. त्याला फक्त रजिस्टर, मेमरीचा पत्ता आणि आज्ञांची रांग दिसावी. मधला पूल वेगळ्या फाइलीत, वेगळ्या चाचण्यांसह. उद्या कुणाला दुसऱ्या कंपनीच्या चिपवर जायचं असेल, तर त्यानं पूल बदलावा आणि बाकीच्याला हात लावू नये. माझ्या २००६ च्या कार्डात मोजमापाचं लॉजिक आणि पीसीआयचं लॉजिक मी आणि माझ्या सहकाऱ्यानं इतकं गुंतवून ठेवलं होतं की एक्सप्रेसवर न्यायचं म्हटल्यावर सगळंच नव्यानं लिहावं लागलं असतं, आणि त्याला कंपनीकडे वेळ नव्हता. तेव्हा शिवण ठेवली असती तर ती बावीस कार्डं नसती वाचली, पण पुढचं कार्ड सहा महिन्यांत झालं असतं.

चिप निवडताना एका पेचाला तोंड द्यावं लागेल. लॅटिसच्या ईसीपी५ या एफपीजीएसाठी योसिस, नेक्स्टपीएनआर आणि प्रोजेक्ट ट्रेलिस ही लिहिलेलं लॉजिक चिपमध्ये उतरवणारी खुली साधनं चांगली तयार आहेत. पण तिच्यात पीसीआय एक्सप्रेसचा तयार घडवलेला भाग नाही. नुसते वेगवान सिरीयल पाय आहेत, वरचं सगळं लॉजिकमध्ये रचावं लागतं. झायलिंक्सच्या आर्टिक्स-७ मध्ये दुसऱ्या पिढीचा, चार लेनपर्यंतचा भाग सिलिकॉनमध्येच आहे आणि त्यावर लाइटपीसीआयई हे खुल्या परवान्याचं लॉजिक डीएमएसकट मिळतं. तिथे खुल्या साधनांचं काम सुरू आहे, पण वेगवान पायांसाठी आज कंपनीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअरच भरवशाचं. तत्त्वानं ईसीपी५ जवळची आहे, हे मी मान्य करते. तरी एका वर्षात, एका बोर्डाच्या पैशांत, मी आर्टिक्स-७ घेईन. फाइली तुमच्या खुल्याच राहतात आणि शिवण ठेवलीत तर ईसीपी५ चा पूल पुढच्या वर्षीची मुलं लिहू शकतील.

चिप मागवताना पॅकेजचं (चिपच्या बाहेरच्या आवरणाचं) नाव दोनदा वाचा. आर्टिक्स-७ ची ३५टी ही चिप सीएसजी३२४ पॅकेजमध्ये घेतलीत तर वेगवान पाय एकही बाहेर काढलेला नाही. सीपीजी२३६ मध्ये दोन आहेत, एफजीजी४८४ मध्ये चार. शिकण्याच्या बऱ्याच लोकप्रिय बोर्डांवर पहिलंच पॅकेज असतं, आणि तुमचाही तयार बोर्ड तसाच असणार. त्याच चिपवर जुळवायचं म्हणून तीच ऑर्डर केलीत तर कार्ड स्लॉटशी बोलूच शकणार नाही. कपॅसिटर, कनेक्टर, रेग्युलेटर पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणा, एका दिवसात काम होतं. एफपीजीए मात्र अधिकृत वितरकाकडूनच घ्या. जुन्या बोर्डावरून उतरवून सोल्डरचे नवे गोळे लावलेली चिप डोळ्यांना ओळखू येत नाही.

आता एक असा बिघाड, ज्यानं माझे तीन आठवडे खाल्ले. नवं एक्सप्रेस कार्ड सकाळी कॉम्प्युटर चालू केला की दिसायचं नाही. रीस्टार्ट केला की दिसायचं. आम्ही सोल्डर तपासलं, क्लॉक तपासलं, बोर्ड पुन्हा पुन्हा हीटरखाली घातला. कारण साधं होतं. वीज आल्यावर एफपीजीए रिकामी असते, शेजारच्या फ्लॅश चिपमधून तिला आपलं लॉजिक भरून घ्यावं लागतं. इकडे स्पेसिफिकेशन सांगतं की वीज स्थिर झाल्यापासून रीसेट सुटायला किमान १०० मिलिसेकंद, आणि रीसेट सुटल्यापासून २० मिलिसेकंदांत कार्डानं लेनवर हालचाल सुरू करायची. तोवर तयार नसेल तर बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर) त्या स्लॉटला रिकामा समजून पुढे जाऊ शकतो. रीस्टार्टमध्ये वीज जात नाही, लॉजिक भरलेलंच असतं, म्हणून कार्ड दिसायचं. तुमच्या ३५टी ची फाइल पावणेदोन कोटी बिटांची आहे. मूळ सेटिंगमध्ये ती एका तारेनं ३ मेगाहर्ट्झनं भरली जाते, म्हणजे जवळजवळ सहा सेकंद. चार तारांनी आणि ५० मेगाहर्ट्झनं भरली तर ९० मिलिसेकंदांच्या आत. म्हणून फ्लॅश चार तारांचीच जोडा, वेग वाढवा आणि फाइल दाबून लहान करण्याचा पर्याय चालू करा. हे बोर्डावरच ठरतं. नंतर सॉफ्टवेअरनं तारा वाढत नाहीत.

लेआउटबद्दल थोडक्यात, पण अक्षरशः पाळा. स्लॉटच्या पायांची नावं मदरबोर्डाच्या नजरेनं दिलेली आहेत. पीईटी म्हणजे मदरबोर्ड पाठवतो ती जोडी, ती तुमच्या चिपच्या ऐकणाऱ्या पायांवर जाते. तुमची पाठवणारी जोडी पीईआरवर. नावं बघून टीला टी जोडणारे मी पाहिले आहेत आणि त्या बोर्डाला नंतर इलाज नसतो. १०० नॅनोफॅराडचे कपॅसिटर पाठवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे कार्डावर फक्त पीईआरच्या जोडीत. जोडीतल्या दोन तारांची लांबी एकमेकींशी काटेकोर जुळवा. मात्र एका लेनची दुसरीशी जुळवायला वळणं घालत बसू नका, तेवढा फरक समोरची चिप स्वतः भरून काढते. जोडीतल्या दोन तारा उलटसुलट झाल्या तरी चालतं, तेही समोरचा ओळखतो, त्यामुळे एकीवरून दुसरी नेण्यासाठी व्हाया (एका थरातून दुसऱ्यात नेणारं भोक) घालू नका. कार्ड बसल्याची खूण देणारे पीआरएसएनटी पाय एकमेकांना जोडायला विसरू नका. बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचा, कडेच्या पट्ट्यांना कठीण सोन्याचा मुलामा आणि कड तिरपी घासलेली, हे ऑर्डरमध्ये लिहून द्या. नाहीतर पाच-दहा वेळा घालून काढल्यावर पट्ट्या खरवडतील. आणि कार्डाचा सगळा पुरवठा स्लॉटच्या ३.३ व्होल्टवरूनच काढा. तिथे ३ अँपिअरपर्यंत परवानगी आहे, तुमचं कार्ड सात-आठ वॉटांत बसेल. याचा एक फायदा पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

कॉम्प्युटर चालू होताना पहिलं चित्र आपल्याच कार्डावर दिसावं, हा मोह पहिल्या आवृत्तीत टाळा. त्यासाठी जुनी व्हीजीए रजिस्टरं किंवा यूईएफआयचा (म्हणजे नव्या बायोसचा) ड्रायव्हर रॉममध्ये लागतो. मदरबोर्डाचं स्वतःचं ग्राफिक्स चालू ठेवा आणि तुमचं कार्ड लिनक्सनं दुसरं म्हणून उचलू द्या. स्वतःचा विक्रेता क्रमांक हवा असेल तर पीसीआय-एसआयजी या संस्थेचं सभासदत्व लागतं आणि त्याची वार्षिक वर्गणी काही हजार डॉलर आहे. विद्यार्थ्यांनी त्यात पडू नये. कार्ड विकत नाही तोवर चिप बनवणाऱ्याच्या क्रमांकावर प्रयोग होतात. फक्त ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या कार्डाला चिकटणार नाही, एवढं बघा.

बोर्ड ऑर्डर करण्याआधी ड्रायव्हर लिहून मोकळे व्हा. क्यूईएमयूमध्ये (कॉम्प्युटरची सॉफ्टवेअरमधली नक्कल) एज्यु नावाचं शिकण्यासाठीचं पीसीआय उपकरण आहे. रजिस्टर, इंटरप्ट, डीएमए सगळं त्यात आहे. ते समोर ठेवून तुमच्या कार्डाची खोटी प्रतिकृती करा आणि ड्रायव्हर तिच्यावर चालवा. बोर्ड हातात येईल त्या दिवशी निदान एका बाजूबद्दल शंका नको. लेआउट झालं की फाइली मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. ऑर्डर देण्याआधी मी स्वतः बघून देईन.

प्रश्न : ताई, माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे. स्लॉटऐवजी यूएसबी ३ नं ग्राफिक्स कार्ड जोडता येणार नाही का? ते तर सगळ्यांकडेच असतं.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पडदा जोडता येईल, ग्राफिक्स कार्ड म्हणावं तसं नाही. यूएसबीवर प्रोसेसर तुमच्या उपकरणाच्या मेमरीत थेट लिहू शकत नाही आणि तुमचं उपकरणही कॉम्प्युटरच्या मेमरीतून आपणहून काही उचलू शकत नाही. प्रत्येक गोष्ट पाकिटात घालून, यजमानानं, म्हणजे कॉम्प्युटरनं, विचारल्यावरच द्यायची. तयार चित्र नेऊन दाखवायला हे पुरतं. त्यासाठी लिनक्समध्ये जीयूडी हा सर्वसाधारण ड्रायव्हर ५.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे, आणि त्याच्याशी बोलणारा पडदा करणं हा सुंदर छोटा प्रकल्प होईल. आज्ञा घेऊन स्वतः चित्र काढणारं कार्ड मात्र या वाटेनं गुदमरतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एम.२ ची मोकळी जागा आहे का ते बघा. एसएसडी बसते त्या एम खाचेच्या जागेत बहुधा चार लेनचं पीसीआय एक्सप्रेसच असतं. काही ठिकाणी फक्त साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असतं, म्हणून लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचा. तिथे स्लॉटमध्ये रूपांतर करणारी पट्टी लावता येते. एम.२ वर १२ व्होल्ट नसतात, फक्त ३.३ असतात. म्हणूनच वरच्या मुलांना पुरवठा ३.३ वरून काढायला सांगितलं. त्यांचं कार्ड तयार झालं की तुम्हालाही वापरून बघता येईल.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये २००१ सालचा कॉम्प्युटर असलेलं एक यंत्र आहे. त्याचं एजीपी ग्राफिक्स कार्ड गेलं. जुन्या बाजारातून दुसरं आणलं, पण त्याची खाच स्लॉटशी जुळत नाही. कानशीनं खाच वाढवून बसवलं तर चालेल का?
— एक लघुउद्योजक, सातपूर

उत्तर : अजिबात नको, कानस बाजूला ठेवा. ती खाच व्होल्टेजची खूण आहे. लोखंडी पट्टीच्या जवळची खाच ३.३ व्होल्टच्या कार्डाला असते, लांबची १.५ व्होल्टच्या. त्या काळातला इंटेल ८४५ सारखा चिपसेट १.५ व्होल्टवरच चालतो. ३.३ चं कार्ड घुसवलंत तर कार्डाबरोबर मदरबोर्डही जाईल, आणि त्या यंत्राला जुळणारा मदरबोर्ड शोधणं हे कार्ड शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

दोन्ही खाचा असलेलं एजीपी कार्ड मिळालं तर ते दोन्हीकडे चालतं. नाही मिळालं तर त्या मदरबोर्डावर शेजारी पांढरे पीसीआय स्लॉट असतील, त्यातल्या एकात साधं पीसीआय ग्राफिक्स कार्ड लावा. एजीपी रिकामा असला की त्या काळचे बहुतेक बायोस आपोआप पीसीआयच्या कार्डावर चित्र देतात. नियंत्रणाचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर असेल तर त्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे कार्ड घेण्याआधीच बघा. पडद्यावर चार साध्या खिडक्या दाखवायला कुठलंही जुनं पीसीआय कार्ड पुरेल. आणि यंत्र बंद पडलंच आहे तोवर त्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा. पंचवीस वर्षांची डिस्क ग्राफिक्स कार्डाच्या पाठोपाठ जाऊ शकते.